धा-तेवीस

फेब्रुवारी सरता सरता अंजनेरीच्या उतारावर
धायटी लालभडक होते.
निर्जंतुक चिमटा, कात्री, झिपच्या पिशव्या घेऊन गेलो
आणि फुलं तोडली, मुंग्यांसकट.
शेळ्यांमागे निघालेली कमळी झोले थांबली.
"आसवात घालायला का? वैद्य नेतात."
म्हटलं, फुलं नकोत मला,
फुलांवर जे राहतं ते हवंय.
ती म्हणाली, "मग भाडेकरू न्या की, घरं कशाला मोडता?"
याला उत्तर नव्हतं. पिशवी बंद केली, तारीख घातली.

बावीस वर्षं मी गंगापूर धरणाकडच्या वायनरीत होतो.
यीस्ट पोसायचो.
रात्री टाकीच्या पत्र्याला कान लावला
की आतून खदखद ऐकू यायची, आणि मग घरी झोप लागायची.
आता कॉलेजमागच्या या खोलीत
तेच यीस्ट माझं वैरी.
निकम मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या,
"ते जुने बूट उंबऱ्याबाहेर."

तिसऱ्या दिवशी प्लेटवर ठिपके उगवले,
सायीच्या रंगाचे,
पण दुधाचा थेंबही नाही त्यांच्या सात पिढ्यांत.
मॅडमच्या लेकाला दूध सोसत नाही,
ताकाचा वास आला तरी तो ताटावरून उठतो.
हे मला शिपायाकडून कळलं.
अर्जात त्यांनी एवढंच लिहिलंय : दुग्धविरहित पर्याय.

एकतीस जणांना नंबर दिले.
आधी आम्लात सोडले, मग पित्तात,
पोटात जे सोसावं लागेल ते सगळं
आधीच काचेत सोसायला लावलं.
सकाळी जे उरले त्यांत धा-तेवीस होता.
बाकीच्यांना ऑटोक्लेव्हमध्ये घातलं.
एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं.
शिट्टी झाली तेव्हा मी उगाच खिडकीबाहेर पाहिलं.

सटाण्याच्या डाळिंबात तो अकरा दिवस टिकला.
रंग काय सुंदर होता, आणि आत सगळं मेलेलं.
पेरूचा रस गाळासारखा खाली बसला.
मग पिंपळगावहून द्राक्षं आणली,
मणी बारीक म्हणून परदेशी जायची राहिलेली.
पहिल्या घाण्यात कुठून तरी यीस्ट शिरलं,
रात्री टोपण उडून थेट छताला लागलं.
माझा कान आधी खूश झाला.
लाज नंतर वाटली.

चव बघायला बीएस्सीची पोरं बसवली,
एक ते नऊ गुण द्या म्हटलं.
एकानं दोन दिले आणि शेजारी लिहिलं :
भिजलेल्या चपलेसारखं.
तो कागद मॅडमनी फाइलला लावून ठेवलाय.
मग साखर नाही वाढवली,
तास कमी केले. अठराचे चौदा.

आज अठ्ठाविसावा दिवस.
फ्रीजमधली बाटली काढली, टोपण फिरवलं.
काही नाही.
ना फस्स, ना बुडबुडा.
वॉचमन ढोमसे दारातून डोकावले,
"गप्पच आहे की. गेलं वाटतं?"

दहापट, मग दहापट, असं सहा वेळा पातळ करून
प्लेटा ओतल्या, दोन दिवस उबेला ठेवल्या.
आज मोजल्या, पेनानं एकेका ठिपक्यावर खूण करत.
एकेचाळीस.
म्हणजे एका मिलिलिटरला चार कोटी दहा लाख.
सिंहस्थाच्या पर्वणीलाही इतकी माणसं येत नसतील
रामकुंडावर,
आणि हे सगळे चमचाभर रसात, धक्का न मारता.

ढोमसेंना कपभर दिलं.
त्यांनी तोंड वाकडं केलं, मग पुन्हा कप पुढे केला.
"जिभेचं राहू द्या," म्हणाले, "पोट काय म्हणतं ते उद्या सांगतो."

मॅडमनी एक बाटली रुमालात गुंडाळून
पर्समध्ये ठेवली. लेबल न लावता.
मी रजिस्टरमध्ये एक वजा केली
आणि कारणाचा रकाना
रिकामा सोडला.